वॉशिंग्टनचे दगडी देव कसे ओळखावेत : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी खुणा, वाट आणि फसव्या जागा

व्हर्जिनिया-मेरीलँडला मुलांकडे गेलेल्या मंडळींची वॉशिंग्टनची फेरी ठरलेली असते. व्हाइट हाउस बाहेरून, लिंकनसमोर फोटो, एखादं संग्रहालय आणि संध्याकाळी घरी. वाटेत नेपच्यून, मिनर्व्हा, व्हल्कन, सेरेस डोक्यावर उभे असतात, पण ‘कुठलेतरी पुतळे’ म्हणून मागे राहतात. खरं तर ते ओळखायला ग्रीक पुराणं पाठ असण्याची गरज नाही. मूर्ती ओळखायची आपली रीत इथे जशीच्या तशी चालते. विष्णूची चोवीस रूपं आपण चेहऱ्यावरून नाही, तर शंख-चक्र-गदा-पद्म कुठल्या हातात आहे त्यावरून सांगतो. तीर्थंकर कोणता हे आसनावरच्या लांछनावरून कळतं. वॉशिंग्टनमध्येही चेहरे सगळे सारखेच आहेत, फरक हातातल्या वस्तूंत आहे.

बरोबर काय लागेल

- पासपोर्ट. कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, फेरीला तो बहुधा कोणी मागत नाही, पण संसदेच्या प्रेक्षक-सज्जाचा पास परदेशी पाहुण्याला त्यावरच मिळतो.
- कॅपिटॉलच्या फेरीची आगाऊ नोंदणी. ती फुकट असते आणि संकेतस्थळावर होते. रविवारी फेऱ्या नसतात.
- काँग्रेसच्या (तिथल्या संसदेच्या) ग्रंथालयाचा वेळ ठरवून दिलेला प्रवेश-पास. तोही फुकट, पण वेगळा काढावा लागतो.
- ८ पट मोठं दाखवणारी छोटी दुर्बीण. घुमटाचं चित्र १८० फुटांवर आहे, फोनच्या झूमवर त्याचा नुसता रंगांचा काला दिसतो.
- रिकामी पाण्याची बाटली. भरलेली आत नेता येत नाही.
- १८ × १४ × ८.५ इंचांहून लहान पिशवी. त्याहून मोठी असेल तर दारातूनच परत.

इथे हमखास फसाल : कॅपिटॉलमध्ये खाण्याचा कुठलाही पदार्थ चालत नाही, न फोडलेलं बिस्किटाचं पाकीटही नाही. धपाटे-चटणीचा डबा पिशवीत असेल तर तो तपासणीच्या रांगेत टाकून द्यावा लागतो. खाणं आधी उरका, किंवा आतल्या उपाहारगृहावर भागवा.

१. आधी आयुधं पाठ करा

घरून निघण्यापूर्वी एवढी यादी डोक्यात बसवा. शहरातलं बरंचसं काम हिच्यावर भागतं.

- शिरस्त्राण, भाला, ढाल, जवळ घुबड : मिनर्व्हा, ग्रीकांची अथीना. विद्येची आणि युद्धाचीही.
- पंखांची टोपी, पायाला पंख, दोन सापांची काठी : मर्क्युरी. व्यापाराचा देव.
- त्रिशूळ, शेजारी समुद्री घोडे : नेपच्यून.
- हातोडा आणि ऐरण : व्हल्कन. आपल्या विश्वकर्म्याच्या जवळचा.
- गव्हाच्या लोंब्या, विळा, फळांनी ओसंडणारं शिंग : सेरेस, धान्याची देवी.
- सिंहाचं कातडं : हर्क्युलिस, किंवा त्याचं बळ उसनं घेतलेला दुसरा कोणी.
- तराजू : न्याय. नांगर (जहाजाचा, शेतातला नव्हे) : आशा. पंख आणि पानांचा मुकुट : विजय.
- मऊ, पुढे झुकलेली लाल टोपी : स्वातंत्र्य. रोममध्ये गुलाम मुक्त झाला की टोपी घालायचा, त्याची ही आठवण.
- दोरीने बांधलेली काठ्यांची जुडी, कधी त्यात कुऱ्हाड : फासेस. रोमन अधिकाऱ्यापुढे ती मिरवत नेत.

या शेवटच्या खुणेपाशी थोडं थांबायला हवं, कारण ती शहरभर आहे आणि पाहणारा दचकतो. फॅसिझम हा शब्द याच जुडीवरून आला हे खरं. पण मुसोलिनीने ती उचलण्याच्या कितीतरी आधीपासून ती अमेरिकेत आहे आणि तिथे तिचा अर्थ आपल्या शाळेतल्या गोष्टीचाच आहे : म्हातारा मुलांना एकेक काठी मोडायला सांगतो, मग मोळी मोडायला सांगतो. राज्यं म्हणजे काठ्या. संसदेच्या प्रतिनिधिगृहाचा राजदंड १८४१ चा आहे, त्यात आबनुसाच्या बरोबर १३ काठ्या चांदीने बांधल्या आहेत, मूळ राज्यं १३ होती म्हणून. जुडी दिसली की काठ्या मोजून पाहा, मात्र दर वेळी तेराच भरतील असं समजू नका.

आपल्या डोळ्यांना खास चकवणाऱ्या दोन खुणा आहेत. त्रिशूळ दिसला की हात जोडले जातात, पण इथे तो समुद्राच्या देवाचा आहे. आणि घुबड आपल्याकडे एकतर लक्ष्मीचं वाहन किंवा सरळ अपशकुन. इथे ते शहाणपणाचं.

तिसरा चकवा सगळ्यांसाठीच : दोन साप आणि पंख असलेली काठी मर्क्युरीची, म्हणजे व्यापाराची. वैद्यकाचा देव एस्क्लीपियस याच्या काठीला एकच साप असतो, पंख नसतात. अमेरिकन सैन्याच्या वैद्यकीय दलानेच दोन सापांची काठी घेतली आहे, त्यामुळे गोंधळ तुमचा एकट्याचा नाही.

२. देवता कोण आणि नुसती कल्पना कोण, हे वेगळं करा

वॉशिंग्टनमधल्या बऱ्याच बायका देवी नाहीतच. त्या ‘अमेरिका’, ‘इतिहास’, ‘वारसा’ अशा कल्पना आहेत, त्यांना रोमन वस्त्रं नेसवली आहेत. एक साधी कसोटी लावा : तिची कुठली कथा आहे का? सेरेसची आहे, मुलगी पाताळात नेली गेली तेव्हा तिने पृथ्वी नापीक केली. ‘वारसा’ला कथा नाही, फक्त अर्थ आहे. एवढं वेगळं केलं की इतिहास म्हणून दाखवलेल्या बाईला व्हीनस म्हणायची वेळ येत नाही.

३. वाट उन्हाप्रमाणे ठरवा

बहुतेकजण इथेच चुकतात. कोरीव काम तिरप्या उन्हात दिसतं, समोर सावली असेल तर सपाट पांढरी भिंत. कॅपिटॉलची पूर्वेची बाजू सकाळी पाहा. सर्वोच्च न्यायालय आणि ग्रंथालय पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यांच्या बाहेरच्या मूर्ती दुपारनंतर. युनियन स्टेशन दक्षिणाभिमुख, कधीही चालेल. न्यायालय आत फक्त सोमवार ते शुक्रवार उघडं असतं, तेव्हा हा कार्यक्रम शनिवारी-रविवारी आखू नका. वेळा बदलतात, आदल्या रात्री तिन्ही संकेतस्थळं एकदा बघा.

सरळ वाट अशी : युनियन स्टेशन (रेड लाइन मेट्रो), तिथून चालत १०-१५ मिनिटांत कॅपिटॉलची पूर्व बाजू, मग फेरी, आतल्या बोगद्याने ग्रंथालय, रस्त्यापलीकडे न्यायालय. आर्काइव्हज (राष्ट्रीय अभिलेखागार) आणि पुढचं सगळं दुसऱ्या दिवसाला ठेवा. एका दिवसात कोंबलंत तर मान आणि गुडघे दोन्ही सांगतील.

४. युनियन स्टेशन : दहा मिनिटं

डॅनियल बर्नहॅमने रोमच्या कमानी आणि स्नानगृहं समोर ठेवून बांधलेलं हे स्थानक १९०७ मध्ये सुरू झालं. दर्शनी बाजूला वर १८-१८ फुटी सहा ग्रॅनाइटच्या मूर्ती आहेत, लुई सेंट-गॉडन्सच्या. डावीकडून : प्रॉमिथियस (अग्नी), थेलीस (वीज), थेमिस (स्वातंत्र्य व न्याय), अपोलो (कल्पनाशक्ती), सेरेस (शेती), आर्किमिडीज (यंत्रविद्या). चौघे पुराणातले, थेलीस आणि आर्किमिडीज हे दोघे खरे होऊन गेलेले. थेलीसला वीज का दिली? घासलेला अंबर हलक्या वस्तू ओढतो, हे निरीक्षण परंपरेने त्याच्या नावावर आहे. रेल्वेला आग, वीज, यंत्र आणि वाहून न्यायला धान्य लागतं, असा साधा हिशेब.

आत मुख्य दालनात वर रोमन शिपाई उभे आहेत. त्यांच्या पुढ्यातल्या मोठ्या ढाली युद्धासाठी नाहीत, प्रवाशांना लाज वाटू नये म्हणून आहेत.

५. कॅपिटॉल : बाहेरून आधी, आणि पूर्वेकडूनच

घुमटावरच्या ‘स्वातंत्र्य’ मूर्तीचं तोंड पूर्वेला आहे. सगळे फोटो मॉलच्या (म्हणजे समोरच्या लांबलचक हिरवळीच्या) बाजूने, पश्चिमेकडून काढतात आणि बाईची पाठ घेऊन घरी येतात. थॉमस क्रॉफर्डने घडवलेली ही ब्राँझची मूर्ती साडेएकोणीस फूट उंच आहे, वजन सुमारे ६,८०० किलो, बसवली २ डिसेंबर १८६३ रोजी. उजव्या हातात म्यानबंद तलवार, डाव्या हातात पानांचा मुकुट आणि १३ पट्ट्यांची ढाल. डोक्यावर पिसं दिसतात म्हणून कित्येक लोक तिला मूळनिवासी स्त्री समजतात. ती गरुडाचं डोकं आणि पिसं लावलेलं शिरस्त्राण आहे.

आधीच्या आराखड्यात तिथे शिरस्त्राण नव्हतं, वर सांगितलेली मुक्त गुलामाची टोपी होती. त्या वेळचे युद्धमंत्री जेफर्सन डेव्हिस, जे पुढे गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेच्या राज्यसंघाचे अध्यक्ष झाले, त्यांनी टोपीला हरकत घेतली. टोपी गेली. मूर्ती ओतण्याच्या कामात मात्र फिलिप रीड नावाचा गुलाम कारागीर होता, आणि ती वर चढली तोवर १८६२ च्या कायद्याने तो मुक्त झाला होता. खुणा वाचायला शिकण्याचा फायदा हाच की एका बदललेल्या टोपीत एवढं दिसतं.

जमिनीवरून तपशील दिसत नाहीत, म्हणून आत अभ्यागत केंद्रात तिचं मूळ प्लास्टरचं रूप ठेवलं आहे तिथे शिरस्त्राण आणि ढाल नीट पाहून घ्या.

पूर्वेच्या मधल्या त्रिकोणी माथ्यावर लुईजी पर्सिकोच्या तीन बायका आहेत. मध्ये अमेरिका, तराजू घेतलेली तो न्याय, नांगरावर रेललेली ती आशा. या तिघी तुमची पहिली परीक्षा समजा. यादी न पाहता ओळखता आल्या तर आत जायला हरकत नाही.

६. घुमटाखाली मान वर करण्यापूर्वी

फेरीत घुमटाखाली मोजकीच मिनिटं मिळतात आणि वाटाड्या भिंतीवरच्या मोठ्या तैलचित्रांबद्दल बोलत असतो. तेव्हा आधीच क्रम ठरवून जा.

कॉन्स्टँटिनो ब्रुमिडी हा रोममध्ये जन्मलेला चित्रकार. त्याने हे फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावर काढलेलं चित्र, ११ महिन्यांत पुरं केलं, १८६५ मध्ये. क्षेत्र ४,६६४ चौरस फूट, काही आकृत्या १५ फुटांच्या. मधोमध जॉर्ज वॉशिंग्टन ढगांवर बसून देवत्वाला चालला आहे. (राष्ट्राध्यक्षाला राजा म्हणायचं नाही म्हणून खास काळजी घेणाऱ्या देशाने त्याला थेट देव केलं, यात त्या काळी कोणाला फारसं वावगं वाटलं नाही.)

असे उभे राहा की वॉशिंग्टन सरळ बसलेला दिसेल. त्याच्या पायांखालचा गट पहिला, तिथून घड्याळाच्या काट्याप्रमाणे नजर फिरवा :

- युद्ध : तलवार-ढाल घेतलेली स्वातंत्र्यदेवता, बरोबर गरुड.
- विज्ञान : शिरस्त्राणधारी मिनर्व्हा, पुढ्यात फ्रँकलिन, फुल्टन आणि मोर्स हे अमेरिकन संशोधक.
- समुद्र : त्रिशूळ घेतलेला नेपच्यून, आणि व्हीनस. व्हीनसच्या हातात काय आहे ते दुर्बिणीने पाहाच. ती अटलांटिकखालून टाकायची तारेची केबल धरून आहे. चित्र रंगत होतं तेव्हा ती केबल खरोखर टाकली जात होती.
- व्यापार : मर्क्युरी पैशांची थैली रॉबर्ट मॉरिसला देतो आहे, ज्याने क्रांतीसाठी पैसा उभा केला.
- यंत्रं : ऐरणीपाशी व्हल्कन, जवळ तोफ आणि वाफेचं इंजिन.
- शेती : सेरेस बसली आहे ती सिंहासनावर नव्हे, मॅकॉर्मिक कंपनीच्या कापणीयंत्रावर.

सगळ्या चित्राची किल्ली या जोड्यांत आहे. जुना देव ओळखलात की थांबू नका, त्याच्या शेजारी ठेवलेली नवी वस्तू शोधा. देव फक्त ओळखपत्र दाखवायला आलेत, बोलायचं आहे ते केबलबद्दल आणि कापणीयंत्राबद्दल.

आणि शेतीच्या गटात घोड्यांचे लगाम धरलेल्या तरुण अमेरिकेचं डोकं पाहा. लाल टोपी. घुमटाच्या बाहेर नाकारलेली टोपी आत, खालच्या बाजूला, येऊन बसली.

पुढच्या पुतळ्यांच्या दालनात वाटाडे दूरवर कुजबूज कशी ऐकू येते त्याचं प्रात्यक्षिक देतात. तेवढ्यात मागे वळून दारावर बघा : इतिहासाची देवी क्लिओ पंखांच्या रथात उभी राहून लिहिते आहे. कार्लो फ्रान्झोनीची ही संगमरवरी मूर्ती १८१९ ची, आणि रथाचं चाक म्हणजे चालतं घड्याळ आहे. शहरातली सर्वांत हुशार मूर्ती हीच, असं माझं मत.

तुमच्या फेरीत कॅपिटॉलमधल्याच जुन्या न्यायालय-दालनाकडची बाजू आली तर खांबांचे माथे चुकवू नका. ग्रीकांच्या कोरिंथियन धाटणीच्या खांबावर अकँथस या झाडाची पानं असतात. वास्तुविशारद लाट्रोबने १८०९ मध्ये तिथे मक्याची कणसं कोरून घेतली.

काठ्यांचा राजदंड पाहायचा असेल तर प्रतिनिधिगृहाच्या सज्जाचा वेगळा पास लागतो, फेरीत तो भाग नसतो. अभ्यागत केंद्राच्या वरच्या मजल्यावर पासपोर्ट दाखवून विचारा. सज्जात फोन नेता येत नाही. सभापतींच्या मागे झेंड्याच्या दोन्ही बाजूंना ब्राँझच्या मोठ्या जुड्या आहेत, त्या बसल्याजागी दिसतात.

७. बोगद्याने ग्रंथालय

कॅपिटॉलच्या अभ्यागत केंद्रातून जेफर्सन इमारतीत (१८९७) भुयारी वाट जाते. पास जवळ असेल तर बाहेरच्या रांगेत पुन्हा उभं राहावं लागत नाही. वरच्या सज्जाकडे जाणाऱ्या जिन्यावर एलिहू व्हेडरचं मिनर्व्हाचं मोझेक आहे. नवख्याने मिनर्व्हा इथेच शिकावी, कारण सगळ्या खुणा डोळ्यांसमोर आहेत : भाला, शेजारी घुबड, विजयाची छोटी मूर्ती. शिरस्त्राण आणि ढाल मात्र तिने खाली उतरवून ठेवली आहेत. युद्ध संपलं, आता वाचा, असं सांगणारी ही मिनर्व्हा. हातातल्या गुंडाळीवर विद्याशाखांची नावं आहेत.

बाहेर पडताना पायऱ्यांखाली नेपच्यूनचं कारंजं, रोलंड हिंटन पेरी याचं, १८९८. रस्त्याच्या पातळीवर असल्याने वरून चालणाऱ्यांना ते दिसतच नाही.

८. सर्वोच्च न्यायालय : डोळ्यांवर पट्टी शोधा

कॅस गिल्बर्टची ही इमारत १९३५ ची. पायऱ्यांवरून वर जाऊन आत शिरता येत नाही. प्रवेश खालच्या बाजूच्या दारांतून, मोठ्या दारातून फक्त बाहेर पडायचं. पायऱ्यांच्या दोन बाजूंना जेम्स अर्ल फ्रेझरच्या बसलेल्या मूर्ती आहेत. डावीकडची स्त्री हा न्याय, असं बहुतेकजण सांगतात. ती न्यायाचं चिंतन करणारी आहे; न्याय म्हणजे तिच्या उजव्या हातातली लहानशी, डोळे बांधलेली बाहुलीएवढी मूर्ती. उजवीकडचा पुरुष कायद्याचा अधिकार, त्याच्या पाटीवर ‘लेक्स’ म्हणजे कायदा असं कोरलं आहे.

माथ्यावरच्या त्रिकोणात मध्ये स्वातंत्र्य बसली आहे आणि तराजू तिच्या मांडीवर आहे. म्हणजे तराजू दिसला की न्याय, हा आपला नियमही इथे मोडतो. आजूबाजूच्या रोमन वेशातल्या पुरुषांत खुद्द गिल्बर्ट आणि शिल्पकार रॉबर्ट एटकिन आहेत. देवळाच्या कोपऱ्यात दात्याची मूर्ती असते तसंच.

पट्टीबद्दल एक लक्षात ठेवा : प्राचीन न्यायदेवतेला पट्टी नव्हती, ती सोळाव्या शतकाच्या सुमारास युरोपात आली. या न्यायालयाच्या आतल्या शिल्पपट्टीतही न्याय उघड्या डोळ्यांनी उभा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयात ऑक्टोबर २०२४ मध्ये पट्टी नसलेली, तलवारीऐवजी संविधान घेतलेली मूर्ती आली तेव्हा बरीच चर्चा झाली; तिला इथे जुना सोबती आहे.

मागच्या, पूर्वेच्या माथ्याकडे कोणी जात नाही. जा. मध्ये मोझेस, कन्फ्यूशियस आणि सोलोन, म्हणजे यहुदी, चिनी आणि ग्रीक परंपरेतले नियम घालून देणारे, आणि अगदी टोकांना ससा आणि कासव. अंगणातल्या दिव्यांच्या खांबांखालीही कासवं आहेत. न्यायालयाने स्वतःच्या गतीची कबुली दिली, असं वकील मंडळी म्हणत असतील तर नवल नाही.

९. दुसरा दिवस : आर्काइव्हज आणि दोन घोडे

आर्काइव्हज स्थानकावर उतरा (ग्रीन किंवा यलो लाइन). कॉन्स्टिट्यूशन अव्हेन्यूच्या बाजूला फ्रेझरचे आणखी दोन पुतळे आहेत : गव्हाची पेंढी आणि मूल घेतलेली स्त्री ‘वारसा’, आणि शिरस्त्राण, तलवार, काठ्यांची जुडी, सिंहाचं कातडं घेतलेला पुरुष ‘राखण’. आतापर्यंतची अर्धी यादी या एका पुरुषाजवळ आहे. तिथून जवळच व्यापार आयोगाच्या इमारतीच्या टोकाला मायकल लँट्झचे १९४२ चे दोन घोडे उधळलेले दिसतील. घोडा म्हणजे व्यापार, त्याला आवरणारा माणूस म्हणजे सरकार. इथे देव शोधू नका, नाही.

१०. नकाशातला तारा सोडून द्या

व्हाइट हाउसच्या उत्तरेला रस्त्यांत फ्रीमेसनांनी (गुप्त विधी पाळणाऱ्या एका जुन्या बंधुसंघाने) पंचकोनी तारा लपवला आहे, असं कोणीतरी नक्की सांगेल. नकाशा उघडून ऱ्होड आयलंड अव्हेन्यू बोटाने चाला; तो कनेक्टिकट अव्हेन्यूपाशी संपतो आणि तारा अर्धवट राहतो. कॅपिटॉलची कोनशिला १७९३ मध्ये मेसन विधीने बसली एवढं मात्र खरं. आणि ५५५ फुटी वॉशिंग्टन स्मारकाला ग्रीक-रोमन समजू नका, तो इजिप्तचा ओबेलिस्क आहे.

११. शेवटी दोन बसलेले अध्यक्ष

अमेरिकन इतिहासाच्या संग्रहालयात होरेशियो ग्रीनोने घडवलेला वॉशिंग्टन आहे : उघडी छाती, पायांत वहाणा, बैठक ऑलिंपियातल्या झ्यूसची, म्हणजे ग्रीकांच्या देवराजाची. १८४१ मध्ये घुमटाखाली आणला, लोक इतके हसले की दोन वर्षांत बाहेर अंगणात गेला. एक हात वर आणि दुसरा तलवार देण्यासाठी पुढे. बघे म्हणत, साहेब कपडे मागताहेत. आसनाच्या बाजूला बाळ हर्क्युलिस सापाशी झटतो आहे, तो वाकून पाहा.

लिंकन स्मारक (१९२२) अंधार पडल्यावरसाठी ठेवा, ते रात्रभर उघडं असतं. ३६ डोरिक (साध्या ग्रीक धाटणीचे) खांब मोजा, लिंकन गेला तेव्हा संघात तेवढीच राज्यं होती. डॅनियल चेस्टर फ्रेंचने लिंकनला कोट-पॅंटमध्येच बसवलं. ग्रीनोसारखी उघडी छाती इथे नाही. पण रोम पूर्ण सुटलेला नाही. गर्दी चेहऱ्याचा फोटो काढते, तुम्ही खुर्चीच्या हातांची पुढची बाजू बघा. दोन्ही तळव्यांखाली काठ्यांची जुडी आहे.